एशियाड, ऑलिम्पिक आणि भारतीय फुटबॉल : अनवाणी पायांपासून हांगझोऊपर्यंत

कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा खेळ आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या नावांपुढे 'तालीम' हा शब्द लागतो आणि त्याच नावाचा संघ शाहू स्टेडियमवर उतरतो. ज्या तालमींत शड्डू घुमले, त्याच तालमींनी फुटबॉलही आपला मानला. विश्वचषकाच्या दिवसांत अर्धे शहर ब्राझीलचे आणि अर्धे अर्जेंटिनाचे होते, चौकाचौकांत फलक लागतात. मात्र याच रसिकांना आपल्या देशाच्या संघाने ऑलिम्पिकमध्ये उपांत्य फेरी गाठली होती आणि आशियाई क्रीडा स्पर्धेत दोनदा सुवर्णपदक जिंकले होते, याची तपशीलवार माहिती क्वचितच असते. दोष रसिकांचा नाही. हा इतिहास बंगाल आणि हैदराबादकडे जेवढा सांगितला गेला, तेवढा तो मराठीत आला नाही.

ऑलिम्पिक, आशियाई आणि दक्षिण आशियाई या बहुक्रीडा स्पर्धा आज फुटबॉलच्या दृष्टीने दुय्यम मानल्या जातात. ऑलिम्पिकमध्ये १९९२ पासून आणि आशियाई स्पर्धेत २००२ पासून पुरुषांचा फुटबॉल प्रामुख्याने २३ वर्षांखालील खेळाडूंसाठी राखलेला आहे. पण १९४८ ते १९६२ या काळात चित्र अगदी उलटे होते. भारतीय महासंघाच्या लेखी ऑलिम्पिक हीच सर्वोच्च स्पर्धा होती आणि विश्वचषकाचे महत्त्व फारसे कोणाला वाटत नव्हते. १९५० च्या विश्वचषकात प्रवेश मिळूनही भारताने ब्राझीलला संघ पाठवला नाही. अनवाणी खेळण्यास बंदी घातल्याने भारताने माघार घेतली, अशी कथा आजही सांगितली जाते. तिच्यात तथ्य फार थोडे आहे. त्या स्पर्धेचे मोलच आपल्या पदाधिकाऱ्यांना उमगले नव्हते, हे कारण अधिक खरे.

लंडन आणि हेलसिंकी

स्वातंत्र्यानंतर वर्ष पूर्ण होण्याआधीच, ३१ जुलै १९४८ रोजी, भारतीय संघ लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सविरुद्ध मैदानात उतरला. सामना इलफर्ड येथे होता. कर्णधार होते नागा टेकड्यांतून आलेले आणि पुढे डॉक्टर झालेले तालिमेरेन आओ. संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी होते. ३० व्या मिनिटाला फ्रान्सने आघाडी घेतली. ७० व्या मिनिटाला सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. हा स्वतंत्र भारताचा ऑलिम्पिकमधील पहिला गोल. भारताला सामन्यात दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. अखेरच्या मिनिटांत फ्रान्सने दुसरा गोल केला आणि सामना २-१ असा जिंकला. हरूनही टाळ्या मिळवणारा तो संघ होता, पण दोन पेनल्टींपैकी एक जरी सत्कारणी लागली असती तर काय झाले असते, हा प्रश्न उरतोच.

चार वर्षांनी हेलसिंकीत मात्र टाळ्यांचा प्रश्नच आला नाही. १५ जुलै १९५२ रोजी युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे लोळवले. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांचा. हाच युगोस्लाव्हिया पुढे रौप्यपदक घेऊन गेला, तेव्हा प्रतिस्पर्धी साधासुधा नव्हता. तरीही फिनलंडच्या गारठ्यात, ओल्या मैदानावर अनवाणी खेळण्यातला फोलपणा त्या दिवशी सर्वांना दिसला. त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. दुसरी अडचण तितकीच गंभीर होती. त्या काळी देशातील अनेक स्पर्धांचे सामने पूर्ण ९० मिनिटांचे नसत. त्यामुळे उत्तरार्धात आपल्या खेळाडूंचा दम संपणे हे अटळच होते.

येथे कोल्हापूरकराला थोडे थांबणे भाग आहे. या नामुष्कीनंतर आठच दिवसांनी, २३ जुलै १९५२ रोजी, त्याच हेलसिंकीत राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेल्या खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खाशाबांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत या शहरात सर्वज्ञात आहे. फुटबॉलपटूला मात्र असे एकट्याने जाता येत नाही. अकरा जणांचा संघ, त्यामागे महासंघ, त्यामागे निवड समिती, असा सारा गाडा ओढल्याशिवाय फुटबॉलपटू ऑलिम्पिकला पोहोचत नाही. कोल्हापूरने एशियाडची आणि ऑलिम्पिकची पदके पाहिली ती बहुतांशी वैयक्तिक खेळांत, याचे एक कारण इथे सापडते.

दिल्लीचे सुवर्ण आणि रहीमसाहेब

या दोन ऑलिम्पिकच्या मध्ये, मार्च १९५१ मध्ये, नवी दिल्लीत पहिली आशियाई क्रीडा स्पर्धा भरली. फुटबॉलमध्ये सहाच संघ होते. भारताने इंडोनेशियाला ३-०, अफगाणिस्तानला ३-० आणि १० मार्चच्या अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक पटकावले. अंतिम सामन्यातील गोल साहू मेवालाल यांचा. कर्णधार शैलेन मन्ना. लंडनमध्ये पेनल्टी हुकलेल्या दोघांपैकी एक हेच मन्ना, हे लक्षात घेतले म्हणजे दिल्लीच्या त्या पदकाची गोडी वाढते.

या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. हैदराबाद सिटी पोलीस संघाला त्यांनी देशातला अव्वल संघ केले होते. शिस्त, जलद आणि आखूड पास, दोन्ही पायांनी खेळण्याचा सराव आणि खेळाडूची जागा परिस्थितीनुसार बदलण्याची हिंमत ही त्यांच्या पद्धतीची वैशिष्ट्ये. भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ म्हणून जो सांगितला जातो, तो जवळजवळ रहीम यांच्या कारकिर्दीइतकाच लांब आहे. ही गोष्ट अभिमानाची तशीच चिंतेचीही. एका माणसाच्या आयुष्यावर एका देशाचा खेळ उभा होता.

१९५४ च्या मनिला स्पर्धेत भारताने जपानला ३-२ असे नमवले, पण इंडोनेशियाकडून ०-४ अशी हार पत्करावी लागली आणि संघ साखळीतच बाद झाला.

मेलबर्न १९५६ : नेव्हिल डिसोझा

मेलबर्नचे ऑलिम्पिक हा या इतिहासाचा कळस. आणि त्या कळसावर ज्याचे नाव कोरलेले आहे तो खेळाडू गोव्यातील आसगावचा, मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबचा नेव्हिल डिसोझा. कूपरेजच्या प्रेक्षकांनी वाढवलेला हा आघाडीपटू मराठी मुलखाला अधिक परिचित असायला हवा होता.

मेलबर्नमध्ये केवळ अकरा संघ प्रत्यक्ष खेळले. हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली आणि उपांत्यपूर्व फेरीत १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. भारताने हा सामना ४-२ असा जिंकला. नेव्हिल यांनी तीन गोल केले आणि चौथा कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांचा. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये गोलची हॅटट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले आणि भारत हा उपांत्य फेरी गाठणारा पहिला आशियाई देश.

उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया होता. चार वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून दहा गोल खाल्ले, त्यांच्याविरुद्ध मध्यंतरापर्यंत एकही गोल होऊ दिला नाही. त्यानंतर ५२ व्या मिनिटाला नेव्हिल यांनी भारताला चक्क आघाडी मिळवून दिली. ती जेमतेम दोन मिनिटे टिकली. पुढच्या अर्ध्या तासाच्या आत युगोस्लाव्हियाने चार गोल चढवले, त्यांतील एक भारताचाच स्वयंगोल होता. निकाल १-४. कांस्यपदकाच्या सामन्यात ७ डिसेंबरला बल्गेरियाने ३-० अशी मात केली आणि भारत चौथ्या स्थानावर राहिला. कर्णधार होते समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी, प्रशिक्षक अर्थातच रहीम. चार गोल करणारे नेव्हिल स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्त पहिले होते.

काही जण या यशाला कमी लेखतात. अकराच संघ, हंगेरीची माघार, ऑस्ट्रेलियाचा नवखा संघ, असे त्यांचे म्हणणे. त्यात काहीच अर्थ नाही असे नाही. परंतु युगोस्लाव्हियाविरुद्ध घेतलेली आघाडी माघारीने मिळालेली नव्हती. बूट घालायला लागून चारच वर्षे झालेल्या संघाने ती मिळवली होती. नेव्हिल १९८० मध्ये मुंबईत निवर्तले, तेव्हा त्यांची आठवण ठेवणारे थोडेच उरले होते.

१९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत भारत पुन्हा चौथा आला. हाँगकाँगला जादा वेळेत ५-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली, पण तेथे दक्षिण कोरियाने आणि कांस्यपदकाच्या लढतीत इंडोनेशियाने पराभूत केले. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये गट कठीण होता. हंगेरीविरुद्ध १-२ अशी निसटती हार, फ्रान्सशी १-१ बरोबरी आणि पेरूकडून १-३ असा पराभव. हंगेरीविरुद्धचा गोल तुळशीदास बलराम यांचा, फ्रान्सविरुद्धचा कर्णधार पी. के. बॅनर्जी यांचा. हंगेरीने पुढे कांस्यपदक जिंकले. भारतीय फुटबॉल संघाचे ते अखेरचे ऑलिम्पिक. तेव्हापासून आजतागायत पुरुषांचा संघ त्या स्पर्धेत पोहोचलेला नाही.

जकार्ता १९६२

भारतीय फुटबॉलचा सर्वांत मोठा विजय कोणता, असे विचारले तर जाणकार जकार्ताकडेच बोट दाखवतात. स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच वातावरण तापलेले होते. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या पथकांना प्रवेश नाकारला. आशियाई स्पर्धेच्या संस्थापकांपैकी एक असलेले भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी याला जाहीर आक्षेप घेतला. त्यामुळे जकार्तावासीयांचा रोष भारतीय पथकावर वळला. भारतीय खेळाडू मैदानात आले की प्रेक्षक हुर्यो उडवत.

खेळाच्या दृष्टीनेही सुरुवात वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० असे हरवले. त्यानंतर भारताने थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे पराभूत केले. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. बचावात झुंजणे त्यांना शक्य नव्हते. रहीम यांनी त्यांना बाहेर न बसवता थेट आघाडीला मध्यभागी उभे केले. कागदावर हा निर्णय वेडेपणाचाच दिसतो. पण दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जर्नेल यांनी गोल केला आणि कर्णधार चुनी गोस्वामी यांच्या दोन गोलांच्या साथीने भारत ३-२ असा जिंकला.

४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया. सेनायनचे विशाल स्टेडियम प्रेक्षकांनी खच्चून भरले होते आणि जवळजवळ सारे भारताच्या विरोधात. पाकिस्तानच्या हॉकी खेळाडूंनी तेवढा भारताला पाठिंबा दिला, असे संघातील खेळाडू पुढे आवर्जून सांगत. १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. तीनच मिनिटांनी डोक्याला टाके असलेल्या जर्नेल यांनी दुसरा. कोरियाने ८५ व्या मिनिटाला एक गोल परत केला, पण तोवर वेळ निघून गेली होती. आजारातून उठलेल्या पीटर थंगराज यांनी गोलरक्षण केले. अरुण घोष, चंद्रशेखर, त्रिलोक सिंग, प्रशांत सिन्हा, युसुफ खान आणि बलराम हे त्या अकरांतील इतर मानकरी.

आणखी एक नाव खास नोंदवायचे, ते फॉर्च्युनातो फ्रँको यांचे. गोव्यातील कोलवाळचे फ्रँकोही नेव्हिलप्रमाणे मुंबईच्या टाटा संघातून पुढे आले. मध्यफळीत राहून चेंडू हिरावणे आणि तो चुनी-बलराम यांच्याकडे सोपवणे हे त्यांचे काम. गोल करणाऱ्यांची नावे लोकांच्या लक्षात राहतात, चेंडू हिरावणाऱ्यांची राहत नाहीत. मे २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

रहीम त्या वेळी कर्करोगाने ग्रासलेले होते. ११ जून १९६३ रोजी, जकार्तानंतर नऊ महिन्यांतच, त्यांचे निधन झाले.

उतरण

१९६६ मध्ये बँकॉकला इराण आणि जपानकडून हरल्याने भारत साखळीतच बाद झाला. १९७० मध्ये पुन्हा बँकॉक. सय्यद नईमुद्दीन यांच्या नेतृत्वाखालील संघ उपांत्य फेरीत ब्रह्मदेशाकडून ०-२ असा हरला, पण कांस्यपदकाच्या लढतीत त्याने जपानला १-० असे हरवले. दोनच वर्षांपूर्वी, १९६८ मध्ये, जपानने मेक्सिको ऑलिम्पिकचे कांस्यपदक मिळवले होते, हे ध्यानात घेता हा विजय मोठा होता. आशियाई स्पर्धेतील भारतीय फुटबॉलचे ते आजवरचे शेवटचे पदक.

त्यानंतरची घसरण आकड्यांतच दिसते. १९७४ च्या तेहरान स्पर्धेत इराककडून ०-३, उत्तर कोरियाकडून १-४ आणि चीनकडून १-७. ज्या जपान-कोरियाला आपण हरवत होतो, त्यांनी या काळात प्रशिक्षक, शालेय स्पर्धा आणि राष्ट्रीय लीग यांची पायाभरणी केली. पश्चिम आशियातील देशांनी तेलाचा पैसा मैदानांत ओतला. आपण मात्र कोलकात्याच्या लीगवर आणि जुन्या करंडकांवर समाधान मानत राहिलो. इतर पुढे गेले आणि आपण होतो तेथेच राहिलो, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

१९८२ च्या दिल्ली एशियाडने थोडी आशा दाखवली. पी. के. बॅनर्जी या वेळी प्रशिक्षकांच्या भूमिकेत होते, तर गोलरक्षक भास्कर गांगुली कर्णधार. याच वर्षी सुरू झालेल्या नेहरू चषकामुळे संघाला परदेशी संघांविरुद्ध सराव मिळाला होता. भारताने बांगलादेशला २-० आणि मलेशियाला १-० असे हरवले, चीनशी २-२ बरोबरी केली आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे सामना संपता संपता सौदी अरेबियाने गोल केला आणि ०-१ असा पराभव पदरी पडला. घरच्या प्रेक्षकांसमोर पदकाच्या इतके जवळ भारतीय संघ त्यानंतर कधी गेला नाही. १९८६ मध्ये सोलला साखळीतच गाशा गुंडाळावा लागला. १९९० आणि १९९४ च्या स्पर्धांना तर संघच गेला नाही. १९९८ मध्ये बँकॉकला भारत परतला आणि दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचला.

याच काळात दक्षिण आशियाई स्पर्धेत मात्र सुवर्णपदके येत होती. १९८५ मध्ये ढाका, १९८७ मध्ये कोलकाता आणि १९९५ मध्ये मद्रास येथे भारताने अंतिम सामना जिंकला. तेथेही वर्चस्व कायम राहिले नाही. २०१६ मध्ये गुवाहाटीत नेपाळने भारताला २-१ असे हरवून सुवर्ण नेले. २००३ मध्ये हैदराबादेत झालेल्या आफ्रो-आशियाई स्पर्धेत झिंबाब्वेला ५-३ असे नमवून मिळवलेले रौप्यपदक आज जवळजवळ विसरले गेले आहे.

तेवीस वर्षांखालील काळ

२००२ च्या बुसान स्पर्धेपासून वयाचा नियम लागू झाला. २००६ मध्ये दोहा येथे मालदीवला २-१ असे हरवले, हाँगकाँगशी १-१ बरोबरी झाली, पण इराणपुढे डाळ शिजली नाही. २०१० मध्ये ग्वांगझोऊला सिंगापूरवर ४-१ असा दणदणीत विजय मिळवून भारत बाद फेरीत गेला आणि जपानने ५-० असे घरी पाठवले. (कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक जिंकले ते याच ग्वांगझोऊमध्ये.) २०१४ मध्ये इंचिऑनला सुनील छेत्रीच्या संघाला संयुक्त अरब अमिरातीने ५-० आणि जॉर्डनने २-० असे हरवले.

२०१८ मध्ये जे घडले ते मैदानाबाहेर. सांघिक खेळांत आशियातील पहिल्या आठांत असलेल्या संघांनाच पाठवायचे, या निकषावर भारतीय ऑलिम्पिक संघटनेने फुटबॉल संघाला जकार्ताला जाण्याची परवानगी नाकारली. ज्या शहरात चुनी गोस्वामींच्या संघाने इतिहास घडवला, त्याच शहरात ५६ वर्षांनी भारतीय फुटबॉलपटूंना पाऊल ठेवता आले नाही. पदकाची शक्यता नसलेल्या संघावर खर्च का करावा, हा प्रश्न गैर नाही. पण मोठ्या संघांशी खेळल्याशिवाय पहिल्या आठांत यायचे कसे, याचे उत्तर निकष लिहिणाऱ्यांनी दिलेले नाही.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या वेळी हाच निकष पुन्हा आडवा आला, मात्र केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने तो शिथिल केला. मग दुसरी अडचण. इंडियन सुपर लीगचा हंगाम त्याच आठवड्यात सुरू होत असल्याने क्लब आपले खेळाडू सोडीनात. यादी पुनःपुन्हा बदलली. अखेर छेत्री आणि संदेश झिंगन यांच्यासह जमवलेला संघ सामन्याच्या आदल्या दिवशी चीनमध्ये पोहोचला आणि १९ सप्टेंबरला यजमानांविरुद्ध उतरला. मध्यंतराच्या तोंडावर राहुल के. पी. याने अवघड कोनातून बरोबरीचा गोल केला तेव्हा क्षणभर काही वेगळे घडेल असे वाटले. उत्तरार्धात थकलेले पाय चालेनासे झाले आणि निकाल १-५ लागला. त्यानंतर छेत्रीच्या पेनल्टीवर बांगलादेशवर १-० असा विजय आणि म्यानमारशी १-१ बरोबरी, एवढ्यावर भारत तेरा वर्षांनी बाद फेरीत पोहोचला. तेथे सौदी अरेबियाने २-० असे हरवले. अपुऱ्या तयारीचा संघ आणि उत्तरार्धात संपणारा दम, हे हेलसिंकीतील दुखणे एकाहत्तर वर्षांनी नव्या कारणाने परतले होते.

महिलांचा संघ १९९८, २०१४ आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धांत खेळला. २०१४ मध्ये मालदीववर १५-० असा विजय आणि दक्षिण कोरिया व थायलंडकडून प्रत्येकी ०-१० असा पराभव, असे टोकाचे निकाल लागले. २०२३ मध्ये तैवानविरुद्ध १-२ आणि थायलंडविरुद्ध ०-१ इतक्या कमी फरकाने हार झाली. नऊ वर्षांत थायलंडशी असलेले अंतर दहा गोलांवरून एका गोलावर आले. दक्षिण आशियाई स्पर्धेत तर २०१०, २०१६ आणि २०१९ अशी सलग तीन सुवर्णपदके महिलांनीच आणली. पुरुषांच्या संघाभोवती शाईचा पूर वाहतो, त्यातील काही थेंब इकडे यायला हरकत नसावी.

कोल्हापूरचे या साऱ्यात स्थान काय? २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव भारतीय संघात होता, आणि पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो तेथवर पोहोचला होता. हांगझोऊत राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे नेमबाजीच्या सांघिक सुवर्णपदकाचा मानकरी ठरला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसहून ऑलिम्पिक कांस्यपदक घेऊन आला. शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्याला जेवढी गर्दी होते, तेवढी नेमबाजीला कधीच होणार नाही. तरी पदक आले ते नेमबाजीत, कारण तेथे मुलाला लहानपणीच हेरून वर्षभर प्रशिक्षण, साहित्य आणि स्पर्धा पुरवणारी प्रबोधिनीची व्यवस्था होती. फुटबॉलमध्ये तालमींकडे प्रेक्षक आहेत, ईर्षा आहे आणि खेळाडूही आहेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी वर्षभर चालणारी लीग आणि पगारी प्रशिक्षक यांचे गणित प्रत्येक पेठेने बसवायचे की संघटनेने, यावर एकमत व्हायचे आहे.